सगळे रकाने हिरवे

सोमवार, ४

आज सरांनी मला माझं स्वतःचं असं पहिलं काम दिलं. आतापर्यंत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधल्या बारीकसारीक चुका निस्तरत होते. चहाला उठताना कोणीही यायचं आणि "जरा हे बघ गं" म्हणून काहीही टाकून जायचं. आता एक अख्खं पान माझं.

जुन्या कामगार वसाहती पाडून गृहनिर्माण मंडळ तिथे नव्या इमारती बांधणार आहे. घर हवं असेल तर प्रत्येक बिऱ्हाडाने ऑनलाइन अर्ज करायचा, आणि तो अर्ज आमची कंपनी बनवते आहे. रकाने ठरलेत, तपासणीचे नियमही आधीच लिहून झालेत. माझ्याकडे एवढंच, की अर्जात चूक झाली तर ती माणसाला कशी दाखवायची.

"एवढंच" हा सरांचा शब्द. मला ते एवढंच वाटत नाही.

सध्या चूक झाली की फ्रेमवर्क, म्हणजे ज्या तयार सांगाड्यावर पान बांधलंय तो, आपलं आपण पानाच्या डोक्यावर एक लाल यादी छापतं. अवैध मूल्य. हे फील्ड अनिवार्य आहे. कुठलं मूल्य, कुणाचं फील्ड, काही पत्ता नाही. वाचताना चोरी करताना पकडल्यासारखं वाटतं. मला बाबा आठवले. माझ्या शाळेच्या दाखल्यासाठी आम्ही दोघं एका खिडकीपाशी उभे होतो. आतल्या माणसाने कागद न बोलता परत सरकवला. काय चुकलं साहेब, असं बाबांनी विचारलं, तर तो म्हणाला, वाचता येत नाही का. बाबांना खरंच वाचता येत नव्हतं. ते नुसते हसले. ते हसणं मला अजून बघवत नाही.

माझ्या फॉर्मपुढे कुणावर असं हसायची वेळ येणार नाही.

बुधवार, ६

लाल यादी काढून टाकली. ज्या रकान्यात चूक, तिचा निरोप आता त्याच रकान्याखाली येतो, साध्या भाषेत आणि करड्या रंगात. "जन्मतारीख राहिली आहे, कृपया भरा." "फोन नंबरात एक आकडा कमी दिसतो." कुठेही अवैध नाही, अमान्य नाही. प्रत्येक वाक्य मी मावशीला वाचून दाखवलं.

मी मावशीकडे राहते. कॉलेजपासून तिच्याकडेच आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि ती पदवी मावशीच्या शिलाई मशीनच्या आवाजात झाली. ती हॉस्पिटलचे पडदे आणि चादरी शिवते. आम्ही राहतो ती तिची खोलीही अशाच एका वसाहतीत आहे, म्हणजे माझा फॉर्म तिलाही भरायचा आहे.

वाक्यं ऐकून ती म्हणाली, "इतकं गोड बोलून कुणी कधी घर दिलंय का? माझे बाई, चुकलं तर चुकलं म्हण, माणूस मरत नाही त्याने." दोरा दाताने तोडून वर म्हणते, तुझे काका जाईपर्यंत मला एकदाही कृपया म्हणाले नाहीत, तरी संसार झाला.

ती थट्टा करते, पण तिला बरं वाटलं हे मला कळतं.

सोमवार, ११

आणखी एक गोष्ट सुचली. माणसाला चुका दाखवतो, तर बरोबर काय तेही का दाखवू नये? सबमिट केल्यावर जो रकाना नीट भरलाय त्याच्या कडेला आता हिरवी खूण येते. एखाद्याच्या नऊ गोष्टी बरोबर असतील आणि एक चुकली असेल, तर त्याला आधी नऊ दिसाव्यात.

सरांनी सगळ्यांना बोलावून पान दाखवलं. म्हणाले, बघा, मुलीचं काळीज दिसतं यात. माझे कान गरम झाले. टेस्टर मागे उभी होती. प्रत्येकाचं काम तपासून त्यातली खोट काढणं हीच तिची नोकरी, त्यामुळे तिचा चेहरा कायमचा तसा झालाय. ती एवढंच म्हणाली की छान दिसतंय, आता चालतं का बघते.

शुक्रवार, १५

पान आजपासून लोकांसाठी खुलं. महिनाअखेरीपर्यंत मुदत.

मंडळाच्या साहेबांकडे सर मलाही घेऊन गेले होते. मोठी खोली, काचेखाली नकाशे. साहेब पानावरून बोट फिरवत म्हणाले, भांडण नाही, आरडाओरडा नाही, असंच पाहिजे. मग सरांकडे वळून म्हणाले की घरं कमी आणि बिऱ्हाडं जास्त, हा आमचा रोजचा ताप आहे, नाही म्हणायला गेलं की लोक अंगावर येतात. सर म्हणाले, आमचा फॉर्म कुणाला नाही म्हणतच नाही. दोघं हसले. मीही हसले. खरंच तर आहे ते.

मंगळवार, १९

आज टेस्टरशी वाजलं. म्हणजे मी काही बोलले नाही, तीच बोलली. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "तुझ्या हिरव्या खुणा खोटं बोलतात."

मी विचारलं, म्हणजे काय. ती म्हणाली की तिने एक खोटा अर्ज भरला, सगळं हिरवं आलं, पण तो अर्ज मागे जमाच झाला नाही. पान नुसतं परत आलं. प्रत्येक चूक एकेका रकान्याची नसते, एखादी अख्ख्या अर्जाची असते, ती तू कुठे दाखवतेस ते एकदा बघ, असं म्हणून वर जोडलं, "लोकांशी गोड बोलायच्या नादात बोलायचंच विसरली नाहीस ना?"

मला ते लागलं. गेले आठ दिवस सगळे माझ्या पानाचं कौतुक करताहेत, आणि ती इथे इतकी वर्षं आहे तरी तिला कुणी साहेबांकडे नेलेलं नाही. तरी मी सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, ती बोललीय माझ्याशी, तपासणीचा सर्व्हर अधूनमधून झोपतो, तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. आणि आता पानाला हात लावू नकोस, मंडळाने ते मंजूर केलंय, एक स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही.

दुपारी टेस्टर बराच वेळ सरांच्या केबिनमध्ये होती. काचेतून दिसत होतं, ती हातवारे करून काहीतरी समजावत होती आणि सर लिहून घेत होते. बाहेर आली ती कुणाशी न बोलता जागेवर बसली. सर मात्र खुशीत होते. त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. म्हणजे विषय मिटला असावा.

शुक्रवार, २२

टेस्टरला दुसऱ्या कामावर घातलं, वेअरहाऊसच्या बारकोडवर. तिने जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं यश तिला इतकं खुपेल असं वाटलं नव्हतं.

शनिवार, २३

आज मावशीने अर्ज भरला. एकटीने.

मी भरून दिला नाही. हा माझा हट्ट होता आणि मी त्यावर ठाम राहिले. चाळीतल्या बायका तिला म्हणत होत्या, तुझी भाची तिथलीच ना, मग तुला काय काळजी. पण मी भरून दिला तर माझा फॉर्म सोपा आहे हे कळणार कसं? सातवी शिकलेली, जाड भिंगांच्या चष्म्यातून बघणारी बाई कुणाला न विचारता हे पान पार करते की नाही, हीच खरी परीक्षा. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मी तुझी परीक्षा का तू माझी, आणि पिशवी घेऊन कोपऱ्यावरच्या इंटरनेटच्या दुकानात गेली.

तासाभराने परत आली तेव्हा चेहरा असा होता की जणू कुठलंतरी बक्षीस घेऊन आली आहे. एकदा जन्मतारीख राहिली, ती फॉर्मने अगदी नीट सांगितली. मग भरून परत दाबलं. "आणि मग गं, वरपासून खालपर्यंत सगळं हिरवंगार. एक चूक नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, काकू पास."

मग खाली बसून गुडघे चोळत म्हणाली की इतकी वर्षं मंडळात जातेय, कधी खोलीच्या पावतीसाठी, कधी नळासाठी, प्रत्येक वेळी कुणी ना कुणी ओरडलंय. आज पहिल्यांदा कुणी ओरडलं नाही.

मी उठून ओट्यापाशी जाऊन पाणी प्यायले, कारण मला रडू येत होतं. याचसाठी मी शिकले.

बुधवार, २७

मावशीच्या शेजारणीला अर्जाचा नंबर मिळालाय. फॉर्म भरल्याबरोबर पानावरच आला म्हणे. माझा कुठाय, असं मावशीने दोनदा विचारलं. मी म्हटलं, सगळं हिरवं आलं ना? मग झालं. नंबर मागाहून मेसेजवर येत असेल, एवढ्या लोकांचे अर्ज आहेत, मंडळ टप्प्याटप्प्याने पाठवतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा चिडलेच. म्हटलं, मावशी, हे माझं काम आहे, मला कळतं.

तिने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, नाही गं, आपलं विचारलं. हे घर गेलं तर दिराकडे जावं लागेल म्हणून जीव खालीवर होतो.

तिचा दीर वाईट माणूस नाही असं आई म्हणते. मागे आला होता तेव्हा म्हणाला, वहिनी, कधीही या, आमच्या स्वयंपाकघरात अंथरूण मावतं, आणि आमच्या हिला गुडघ्यांमुळे भांडी होत नाहीत, तेही बघाल. मशीनबद्दल म्हणाला, ते मात्र विकून या, आवाजाने मुलांचा अभ्यास होत नाही.

सोमवार, १

काल मुदत संपली. आज सरांनी पेढे वाटावेत तशी बातमी वाटली. घरं जितकी आहेत जवळपास तितकेच अर्ज आले. मंडळाचे साहेब म्हणाले, असं आमच्या इतिहासात झालं नाही. कुणाला नाकारावंच लागलं नाही. सरांनी माझ्या खुर्चीमागे उभं राहून सांगितलं, हिच्या पानाची कमाल. आणखी दोन शहरांची मंडळं हेच पान मागताहेत.

मी घरी येऊन मावशीला सांगितलं, जितके अर्ज तितकी घरं, आता कशाचं टेन्शन. ती म्हणाली की मग वसाहतीतली बाकीची माणसं गेली कुठे? मी म्हटलं, काहींनी भरलाच नसेल. तुझ्यासारखं सगळ्यांना कुठे जमतं.

गुरुवार, ११

यादी लागली. मावशीचं नाव नाही.

तिने मला ऑफिसात फोन केला नाही, मी कामात असेन म्हणून. मी घरी गेले तेव्हा ती मशीनवर बसून चादर शिवत होती. म्हणाली, तुझ्या त्या यादीत मी सापडत नाही, तू बघ बरं, माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. मी दोनदा बघितली. शेजारीण आहे. जिन्यासमोरचे आहेत. मावशी नाही. तळमजल्यावरची विधवा बाई नाही. आईबाप गेल्यावर मागे राहिलेले ते दोघं भाऊ, तेही नाहीत.

यादीत नसलेल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी वारलेलं आहे. उद्या बघते.

शुक्रवार, १२

मावशीची माहिती जशीच्या तशी घालून मी ऑफिसातल्या चाचणीच्या प्रतीवर अर्ज भरला. खोली ज्यांच्या नावावर होती ते हयात आहेत का, या प्रश्नाला उत्तर: नाही. वारसाचा दाखला: मावशीने जोडलेला नव्हता, कारण त्या रकान्यापुढे "असल्यास" लिहिलंय. सबमिट केलं. पान परत आलं. सगळे रकाने हिरवे. नंबर नाही.

नियम बरोबरच आहे. मूळ रहिवासी हयात नसेल तर दाखला लागतो. पण ही चूक दोन रकाने मिळून होते, त्यामुळे फ्रेमवर्क ती एका कुणाच्या नावावर टाकत नाही, अख्ख्या अर्जाच्या नावावर टाकतं आणि वरच्या यादीत छापतं. ती यादी मी काढली. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, त्या चुकांसाठी एक ओळ लागते. ती मी घातलीच नाही. म्हणजे अर्ज नाकारला जात होता, आणि माझं पान त्या माणसाला हिरव्या खुणा दाखवत होतं. हा दाखला मंडळाच्याच वसाहत कार्यालयात दोन दिवसांत मिळतो. मावशी दोन फेऱ्यांत घेऊन आली असती. तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

सरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, हो, ते टेस्टरने दाखवलं होतं.

तुम्हाला माहीत होतं, असं मी ओरडलेच.

"ओरडू नकोस, बस," ते म्हणाले. "घरं कमी होती. कुणीतरी गळणारच होतं. खिडकीवर ओरडून गाळण्यापेक्षा हे बरं, कुणाला अपमान नाही, काही नाही. तुलाच ते नको होतं ना?"

मी म्हटलं, माझी मावशी आहे त्यात. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मला आधी का नाही सांगितलंस, असं म्हणाले. मग म्हणाले की हरकतींची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे, पण तू हरकत घेऊ नकोस. हरकत घेतलीस तर पान कुणी बदललं ते आधी निघेल, आणि नोंदीत तुझं नाव आहे, माझं नाही. त्यापेक्षा साहेबांना मी सांगतो. एक नाव आत घालणं त्यांना जड नाही. तू फक्त तोंड मिटून बस, नाहीतर मला शब्द टाकायला जागा राहणार नाही.

मी विचारलं, बाकीचे? तळमजल्यावरची बाई, ते दोघं भाऊ? ते म्हणाले, त्यांची पण कुणी भाची आहे का कंपनीत?

मंगळवार, १६

सर म्हणतात, साहेब दौऱ्यावर आहेत. मावशीला सांगितलं की थोडा तांत्रिक घोळ आहे, निस्तरतोय. ती म्हणाली, तू आहेस ना, मग मला घोर नाही.

तळमजल्यावरची बाई येऊन गेली. हरकत घ्यायची तर पुरावा काय दाखवायचा, असं विचारत होती. पान परत आलं होतं हे कुणी लिहून देईल का? मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला त्या बाजूचं काही माहीत नाही, माझ्याकडे फक्त दिसण्याचं काम आहे.

शुक्रवार, १९

आज संध्याकाळी पाचला हरकती बंद झाल्या. त्याआधी मी सरांच्या केबिनबाहेर दोनदा उभी राहिले. दुसऱ्यांदा त्यांनीच आत बोलावलं आणि सांगितलं की साहेबांशी बोलणं झालं, पण यादीवर वरून सही झाली आहे, आता त्यांचाही इलाज नाही. मग म्हणाले, मी शब्द टाकला हे लक्षात ठेव. नव्या दोन शहरांचं काम तुझ्या हाताखाली देतोय. दोन मुली मिळतील मदतीला.

नव्या शहरांच्या पानात मी ती राहिलेली ओळ घातली होती. सरांनी ती काढायला लावली, मंजूर झालेलं पान जसंच्या तसं जायला हवं म्हणून.

एक गोष्ट मी स्वतःला सारखी सांगते आहे. मी सोडून गेले, तर या जागी जो येईल त्याला हे कळणारसुद्धा नाही. मी आत राहिले, तर कधीतरी मला ती ओळ घालता येईल. हे खरं आहे. खरं नसतं तर मला इतकं पटलं नसतं.

रविवार, २८

मावशी आज गेली. दीर टेम्पो घेऊन आला होता. मशीन काल विकलं, पडदे शिवणाऱ्या एका मुलीनेच नेलं. ऑफिसच्या जवळ मला एक खोली मिळाली आहे, पण तिथे एकीलाच राहू देतात.

सामान खाली गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच होतो. भिंतीवर कॅलेंडरची जागा पांढरी राहिली होती. मावशी ओट्याला टेकून म्हणाली, "मला एक सांग. रागवू नकोस. नक्की काय चुकलं माझं?"

मी म्हटलं, दाखला जोडायचा राहिला.

"एवढंच?" तिने ओट्यावरची धूळ हाताने झटकली. मग म्हणाली, "मग मला तेवढं सांगितलं का नाही गं फॉर्मने?"

मी म्हणाले, "सांगितलं होतं, मावशी. खाली लिहून आलं होतं. तू वाचलं नसशील."

तिने पदराने चष्मा पुसला, पुन्हा लावला. असेल, म्हणाली. ते सगळं हिरवं बघून मी हुरळले असेन, खालपर्यंत गेलेच नसेन. मग माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली की एवढं तू जीव तोडून केलंस, घरच्याच माणसाने तुझी फजिती केली, ऑफिसात कुणाला सांगू नकोस मी तुझी मावशी आहे म्हणून.

मी तिची पिशवी उचलली. बोलायला वेळ होता. जिना उतरायला तिला खूप वेळ लागतो.

खाली दीर हॉर्न वाजवत होता. पुढच्या सीटवर त्याचा मुलगा होता, म्हणून मावशी मागे सामानात, गादीच्या वळकटीवर बसली. काय हो वहिनी, घरात कॉम्प्युटरवाली असून घर हातचं घालवलंत, असं दीर म्हणाला. चाळीतले लोक ऐकत होते.

"तिला बोलू नका," मावशी म्हणाली. "फॉर्म चांगला होता. मीच अडाणी."